फॉक्सप्रोमध्ये बेस क्लासचा फॉन्ट बदलला, तरी काही फॉर्म जुनाच का धरून बसतात?

तुमचा प्रश्न असा: रबाळ्याच्या कारखान्यातला चलानचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 मध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस प्रोग्रामिंगचं साधन) आहे. लेबलाच्या बेस क्लासला (ज्या साच्यावरून बाकी लेबलं बनतात) नवा मराठी फॉन्ट दिला, बाकी फॉर्मवर तो उतरला, पण गेटपास आणि जॉबवर्कच्या फॉर्मवर गिचमिड अक्षरं दिसतात. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही, मराठी सगळी फॉन्टच्या भरवशावर चालते, म्हणून ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

आधी त्या लेबलाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'क्लास' आणि 'क्लासलायब्ररी' बघा. क्लासलायब्ररी रिकामी असेल तर ते फॉक्सप्रोचं साधं लेबल आहे, तुमच्या क्लासशी त्याचं नातंच नाही. रिकामी नसेल तर पूर्ण पाथ वाचा. फोल्डरची कॉपी करून काम चालवलेल्या प्रोजेक्टमध्ये फॉर्म हमखास जुन्या फोल्डरमधली व्हीसीएक्स (क्लास साठवलेली फाइल) उचलतो.

दोन्ही बरोबर असतील तर 'फॉन्टनेम' ठळक अक्षरांत आहे का बघा. ठळक असेल तर ती किंमत फॉर्मने स्वतःकडे लिहून ठेवली आहे आणि बेस क्लासमधला बदल तिथेच अडतो. अशा वेळी बरेच जण तिथे नव्या फॉन्टचं नाव टाइप करतात. कृपया तसं करू नका. बेस क्लासचीच किंमत हाताने भरली तरी फॉक्सप्रो ती फॉर्ममध्ये साठवतो, आज सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या बदलाला तोच फॉर्म पुन्हा मागे राहतो. प्रॉपर्टीवर राइट क्लिक करून 'रीसेट टू डिफॉल्ट' द्यायचं, एवढाच खरा उपाय.

लेबलं पुष्कळ असतील तर एकेक रीसेट करायची गरज नाही; एससीएक्स (फॉर्मची फाइल) ही शेवटी टेबलच आहे. एससीएक्स आणि एससीटी, दोन्हींचा बॅकअप घ्या (मेमोचा, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यांचा, मजकूर एससीटीत असतो), फॉर्म बंद करा, 'यूज' कमांडने एससीएक्स एक्सक्लुझिव्ह उघडा आणि 'प्रॉपर्टीज' मेमोतली फॉन्टनेमची ओळ काढा. कंटेनर (इतर कंट्रोल पोटात घेणारा घटक) क्लासमधून आलेला असेल, तर त्याच्या आतल्या लेबलाची नोंद कंटेनरच्याच रेकॉर्डमध्ये 'लेबल1.फॉन्टनेम' अशी असते, म्हणून ओळीच्या सुरुवातीला फक्त 'फॉन्टनेम' शोधलं तर ती निसटते. शेवटी 'कम्पाइल फॉर्म' चालवा.

फॉन्टनेम ठळक नाही, डिझायनरमध्ये फॉर्म नीट दिसतो, पण चालवल्यावर बिघडतो? मग कोड बघा. इनिटमध्ये (फॉर्म उघडताना चालणारा कोड) कोणीतरी 'सेटऑल'ने (सगळ्या कंट्रोल्सना एकदम किंमत लावणारी मेथड) जुना फॉन्ट लावलेला असतो. उलटही होतं: बेस फॉर्म स्वतःच्या इनिटमध्ये फॉन्ट लावत असेल आणि गेटपासच्या इनिटमध्ये काही लिहिलं असेल, तर बेसचा कोड चालतच नाही. नुसती कॉमेंटची ओळही त्याला पुरते. तिथे 'डूडिफॉल्ट()' (बेसचा कोड चालवणारी हाक) हवंच, आणि इनिटमध्ये 'रिटर्न डूडिफॉल्ट()' लिहिलेलं बरं, म्हणजे बेसने फॉल्स परत केला तर फॉर्म उघडायचा थांबतो.

तपासताना प्रत्येक बदलानंतर 'क्लिअर ऑल' द्या, नाहीतर मेमरीतला जुना क्लासच दिसत राहतो. गेटवरच्या कॉम्प्युटरवर ईएक्सई असेल तर 'रीकम्पाइल ऑल फाइल्स' टिक करून ती नव्याने बिल्ड करा आणि तिथली फाइल बदला. क्लास ईएक्सईच्या आत बांधलेला असतो, सर्व्हरवरची व्हीसीएक्स बदलून तिथे काही फरक पडत नाही.