नगरसेवकाचं पत्र हातात आल्यावर

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तू नवी मुंबई महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालीस याचा फार आनंद झाला. त्यातही तुर्भे विभाग कार्यालय मिळालं हे चांगलं झालं. सानपाड्याचे सेक्टर, तुर्भे गाव, एपीएमसी मार्केट, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर आणि पलीकडचे एमआयडीसीचे कारखाने, एवढं सगळं एका कार्यालयाखाली नवी मुंबईत दुसरीकडे सापडायचं नाही. तू विचारलंस की एकाच प्रभागातल्या चार नगरसेवकांची पत्रं एकाच आठवड्यात येतात, चारही ‘अत्यंत तातडीची’, आणि निधी असतो एखाद्याच कामापुरता. मग कुणाचं आधी धरायचं?

नगरसेवक जे मागतो ते बहुतेक वेळा त्याने स्वतः भोगलेलं असतं, नाहीतर रोज सकाळी दारात ऐकलेलं असतं. म्हणून पत्रातलं काम वाचण्याआधी पत्र लिहिणारा कुठून आला ते माहीत करून घे. ते कळलं की मग दुसरा प्रश्न स्वतःला विचार, तो तुझ्या खुर्चीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. तुझ्या भागातलं कोणतं काम असं आहे, की जे यांच्यापैकी कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही आणि म्हणून कुणीच मागत नाही?

सुरुवात कागदापासून कर. प्रत्येक उमेदवाराने निवडणुकीत शपथपत्र दिलेलं असतं. शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, गुन्हे, सगळं त्यात असतं आणि ते कुणालाही वाचता येतं. ते वाचायला संकोच करू नकोस. पण ‘व्यवसाय : समाजसेवा’ असं दिसलं तर तिथेच थांबू नकोस. पुढचं तुला कार्यालयातले जुने शिपाई, मुकादम आणि व्हॉल्व्ह फिरवणारे कर्मचारी सांगतील. कोण कुठल्या मंडळातून वर आला, कुणाचे वडील मार्केटमध्ये होते, कुणाच्या घराला नोटीस आली होती, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आता गावठाणातून आलेल्या सदस्यांबद्दल. इथे मी जरा थांबतो, कारण तुझ्या पिढीच्या अभियंत्यांना हे कुणी शिकवत नाही. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. शेतं आणि मिठागरं गेली, मासेमारीच्या खाड्यांवर भराव पडले. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. महापालिका १९९२च्या १ जानेवारीला अस्तित्वात आली तेव्हा या गावांमधली मुलं मोठी झाली होती, घरं वाढली होती आणि गावठाणाची हद्द मात्र जुन्या नकाशावर होती तिथेच होती. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय उभी राहिलेली, हे शब्द तुला प्रत्येक बैठकीत ऐकू येतील. महापालिकेच्या हद्दीत अशी २९ गावं आहेत. तिथून निवडून आलेला आगरी-कोळी सदस्य तुझ्याशी गटाराबद्दल बोलत असला तरी त्याच्या मनात पहिला प्रश्न हा असतो की उद्या या गल्लीतल्या घरांना नोटीस येणार का. मोजमापाची टेप घेऊन तू न सांगता गल्लीत शिरलीस तर लोक दारं लावतील. आधी सदस्याला किंवा गावातल्या मोठ्या माणसाला फोन कर, मोजणी गटाराची आहे, घरांची नाही, हे स्पष्ट सांग, आणि मग जा. अर्धं काम तिथेच होतं.

याचा अर्थ गावठाणातलं प्रत्येक बांधकाम डोळे मिटून चालू द्यायचं असा नाही. ठाण्याकडच्या शीळच्या लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ला कोसळली, ७४ माणसं गेली, आणि अटक झालेल्यांत ठाणे महापालिकेचे अधिकारीही होते, एक नगरसेवकही होता. गरजेपोटी बांधलेलं घर आणि विकण्यासाठी घाईने उठवलेली सात मजली इमारत यातला फरक तुला डोळ्यांनी दिसतो. तो लेखी नोंदव. कुणीही कितीही प्रेमाने सांगितलं तरी नोंदव.

माथाडींमधून, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांमधून, आलेल्या सदस्यांची घडण वेगळी. मुंबईतले घाऊक बाजार इकडे हलले, त्यांच्यामागून सातारा-सांगलीकडचे, जावळी-पाटणचे हजारो हमाल कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात आले. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना आणि १९६९चा माथाडी कायदा यांच्या बळावर त्यांच्या मुलांनी शिक्षणं घेतली. संघटनेत वाढलेला माणूस सहसा एकटा येत नाही, पाचपंचवीस जणांना घेऊन येतो आणि मोठ्या आवाजात बोलतो. दचकू नकोस. त्या आवाजात राग असेलच असं नाही, पुढ्यात बसलेल्या माणसांना आपला माणूस बोलतोय हे दिसावं लागतं. त्याला तारीख हवी असते. ‘बघतो’ म्हणालीस तर तो रोज येईल, ‘सोमवारी पाहणी करते, बुधवारी खर्चाचं प्राकलन देते’ म्हणालीस तर बुधवारपर्यंत येणार नाही. मात्र बुधवारी प्राकलन तयार हवं.

सेक्टरमधले सदस्य तुला सगळ्यांत सोपे वाटतील, कारण ते आपल्यासारखेच बोलतात. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त बँक कर्मचारी, डॉक्टर, वकील. फोटो जोडलेलं, टाइप केलेलं पत्र, खाली रहिवाशांच्या सह्या. त्यांचे विषय पार्किंग, पाण्याचा दाब, झाडांच्या फांद्या, सिडकोने बांधलेल्या इमारतींची गळती आणि आता पुनर्विकास. यांच्यातले काही अंदाजपत्रक असं वाचतात की आपल्या लेखा विभागानेही वाचलं नसेल. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सदस्याने एकदा लेखाशीर्षावर बोट ठेवून मला विचारलं होतं की गेल्या वर्षी या कामाला ठेवलेले पैसे खर्च झाले नाहीत, तर यंदा दुप्पट का मागता? तो प्रश्न रास्त होता. पण नीट लिहिलेलं पत्र आलं की ते काम आपोआप जास्त महत्त्वाचं वाटू लागतं, त्यापासून सावध राहा. सानपाड्याच्या पत्राला जोडलेले सहा फोटो आणि तुर्भे स्टोअरच्या पत्रातल्या पेनाने खरडलेल्या दोन ओळी यांतली निकड कागदावरून ठरत नाही. दोन्ही जागी जा.

तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, गणपती पाडा इकडे तुला चळवळीतून आलेली माणसं भेटतील. दलित चळवळीतली, रेशन कार्डाच्या मोर्चातली, दगडखाणींवर ज्यांच्या आईवडिलांनी काम केलं अशी. तिथली बरीच वस्ती एमआयडीसीच्या जागेवर आहे. नळजोडणी मागताना हे सदस्य पाण्याइतकाच आग्रह पावतीचा धरतात. ते का, हे समजून घे. झोपडीला संरक्षण मिळायचं असेल तर १ जानेवारी २०००च्या आधीपासून इथे राहतो याचा पुरावा लागतो, आणि पैसे भरून पुनर्वसन हवं असेल तर १ जानेवारी २०११च्या आधीचा. ज्या बाईच्या हातात पाण्याचं जुनं बिल आहे तिला उद्या घर आहे. जुन्या नोंदवह्या शोधून देण्याचं काम कंटाळवाणं वाटेल, ते मनापासून कर. रस्ता दहा वर्षांनी परत करता येतो, हरवलेली नोंद परत आणता येत नाही.

ठेकेदारी, बांधकाम साहित्य, जमीनखरेदी या धंद्यांतून आलेले सदस्यही आहेत. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर कायद्याने सदस्यत्व जातं, त्यामुळे कागदावर दुसरं नाव दिसतं. हे ओळखायला शिक, पण गप्पांवर विश्वास ठेवून कुणाला चोर ठरवू नकोस. मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष मोजलेलंच लिही, बाकी कशाचीही गरज नाही. यातल्या काहींना कामाची उत्तम जाण असते आणि खडीचा दर्जा ते तुझ्याआधी ओळखतात.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. फोन पतीचा येईल, भेटायला दीर येईल, ‘मॅडमनी सांगितलंय’ म्हणतील. नम्रपणे सांग की मॅडमशी बोलायचं आहे, आणि पाहणीची वेळ त्यांना विचारून ठरव. मी असे अनेक जण पाहिले जे पहिल्या वर्षी सगळं नवऱ्याशीच बोलत राहिले, आणि मग त्या बाईंना सभागृहात विषयपत्रिका उलगडताना कुणाचीच साथ उरली नाही. तू स्त्री आहेस, तुझ्याशी त्या मोकळेपणाने बोलतील. त्या पाणी आणि शौचालयांबद्दलच बोलतील असं मात्र गृहीत धरू नकोस. ज्या बाईंनी बचत गट चालवलाय त्यांना हिशेब कळतो, त्यांना निविदेचा तुलनात्मक तक्ता समजावून दे.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात असू दे. २०२०च्या मे महिन्यात मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ला मतदान होईपर्यंत इथे प्रशासक होते. एवढी वर्षं फाइल एका सहीने पुढे जात होती आणि बऱ्याच अधिकाऱ्यांना त्याची सवय झाली. आता सभागृहात १११ जण आले आहेत, त्यातले कितीतरी पहिल्यांदाच, आणि पूर्वी एका प्रभागाला एकच नगरसेवक असायचा तिथे आता बहुतेक ठिकाणी चार आहेत. कार्यालयात ‘आधीच बरं होतं’ असं बोलणारे भेटतील. त्यांच्यात तू सामील होऊ नयेस असं मला कळकळीने वाटतं. त्या काळात तुर्भे स्टोअरच्या माणसाला गटार तुंबल्यावर जायला दार नव्हतं. माजी झालेले सदस्य फोन करत, पण त्यांना प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. महासभेत तुझ्या कामावर कुणी लक्षवेधी सूचना मांडली तर तो अपमान समजू नकोस. उत्तर लिहिताना जे झालं नाही ते ‘झालं नाही’ असंच लिही.

चार सदस्य एकाच रस्त्यासाठी चार पत्रं देतील, चौघांनाही फलकावर आपलं नाव हवं असेल. चौघांनाही एकाच दिवशी एकत्र पाहणीला बोलाव. एक येईल, दोन येतील, पण निरोप सगळ्यांना लेखी गेला पाहिजे. प्राधान्य ठरवताना मी एवढंच बघायचो: हे काम लांबलं तर कोण आजारी पडेल, कुणाच्या घरात पाणी शिरेल, आणि कुणाची फक्त गैरसोय होईल. हे पत्रावर टिपणी म्हणून लिहून ठेव, वरिष्ठांनी वेगळा निर्णय घेतला तरी.

आता कुणीच मागत नाही ते काम. आपलं शहर भरतीच्या पातळीला वसलेलं आहे, म्हणून सिडकोने वाशी, नेरूळ, बेलापूरकडे धारण तलाव ठेवले. भरतीला झडपा बंद व्हायच्या, पावसाचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला खाडीत जायचं. तलावांत गाळ साचला, कांदळवनं वाढली, आता उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. नाल्यांचं आणि मलवाहिन्यांचंही तसंच. गाळावर फलक लागत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, सेक्टरातल्या माणसाला तो दिसत नाही आणि गावातल्या माणसाला तो सिडकोचा प्रश्न वाटतो. तो विषय तुलाच मांडावा लागेल. एकटी मांडू नकोस, आयुष्यात तो विषय ज्याला कधीतरी भिडलाय असा सदस्य शोध. पावसाळ्याच्या आढाव्यात एका कोळी घरातल्या सदस्याने आम्हाला उधाणाच्या तिथी सांगून त्या दिवशी झडपा तपासायला लावल्या होत्या. आमच्याकडे भरतीचं कोष्टक होतं, ते कुणी उघडलं नव्हतं. त्या माणसाने नंतर दोन वर्षं गाळाचा विषय स्थायी समितीत लावून धरला, कारण खाडीचं पाणी त्याला लहानपणापासून कळत होतं.

तुझ्या भागातून खाडीकडे जाणारे नाले एकदा ओहोटीला आणि एकदा उधाणाला स्वतः चालून बघ. पुढच्या पावसाळ्याआधी गाळ निघायला हवा असेल, तर प्राकलन दिवाळीच्या आत व्हायला हवं, म्हणजे निविदा, स्थायी समिती आणि कार्यादेश यांना वेळ मिळेल. नाल्यांचे छेद काढलेस की मला पाठव, मी मोजमापं तपासून देतो.

तुझे,
काका