विशीतच सुरकुत्यांची धास्ती

त्वचेबद्दल येणाऱ्या पत्रांमध्ये सध्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींची पत्रं सर्वांत जास्त आहेत, आणि बहुतेकांना भीती आहे ती म्हातारपणाची. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न : वय 24, राहणार वाकड. ऑफिसातल्या मैत्रिणी रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासून केलेलं), आय क्रीम, कोलॅजन पावडर असं बरंच काही वापरतात. माझ्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, पण ‘पंचविशीनंतर उशीर होतो’ असं सगळ्या सांगतात. मी आत्ताच सुरू करू का?

उत्तर : सुरुवात जरूर करा, पण सनस्क्रीनने. पंचविशीच्या आसपास त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, हळूहळू घटायला लागतं हे खरं आहे. तरी त्या वयात ‘उशीर झाला’ म्हणावं असं काहीही घडत नाही. त्यातून आपली त्वचा गव्हाळ ते सावळी. तिच्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हाला थोडंफार अडवतं, त्यामुळे गोऱ्या युरोपीय त्वचेच्या मानाने आपल्याकडे बारीक सुरकुत्या बऱ्याच उशिरा दिसतात. आपलं वय आधी रंगात दिसतं: गालांवर वांग, कपाळाच्या कडा आणि तोंडाभोवतीचा भाग काळवंडणं, मुरमांचे महिनोन्‌महिने रेंगाळणारे डाग. परदेशी व्हिडिओ पाहून मुली सुरकुत्यांवर पैसे घालवतात आणि डाग पडू नयेत म्हणून काहीच करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रोजच्या सनस्क्रीनचा उपयोग मोजून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे 55 वर्षांखालच्या 900हून अधिक लोकांचे दोन गट केले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांच्या अंतराने हाताच्या पाठच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढण्याचं प्रमाण 24 टक्क्यांनी कमी निघालं. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा पगारातून काय घ्यायचं तर सनस्क्रीन, सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर. आय क्रीम हे बहुतेक वेळा लहान डबीतलं मॉइश्चरायझरच असतं. कोलॅजन पावडर पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचते. तिच्यावर खर्च करा असं सांगण्याइतका भक्कम पुरावा मला दिसत नाही.

प्रश्न : वय 26, कोथरूड. रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो, रविवारी सिंहगड चढतो. वर्षभर एसपीएफ 50 लावतोय, तरी चेहरा काळवंडतोच. बसच्या खिडकीकडची बाजू तर जास्तच. मग सनस्क्रीनचा उपयोग काय?

उत्तर : आधी एक गोष्ट आठवून पाहा. 50 ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते? एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका थर लावलेला असतो. त्या हिशेबाने चेहरा आणि मान मिळून जवळजवळ एक ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढली की तेवढं होतं. म्हणजे दिवसातून एकदाच लावलं तरी ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपायला हवी. ती पाच-सहा महिने चालत असेल, तर ट्यूबवर छापलेल्या 50चा फारच थोडा भाग तुमच्या वाट्याला येतोय. क्लिनिकमध्ये मी पेशंटना समोर बसवून लावून दाखवायला सांगते. बहुतेकजण हरभऱ्याएवढा ठिपका घेतात आणि मान, कान विसरतात.

आता खिडकी. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी भाजून लाल करणारे यूव्हीबी किरण काच बहुतांशी अडवते, पण खोल शिरून कोलॅजन तोडणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून आत येतात. 28 वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या एका 69 वर्षांच्या अमेरिकन चालकाचा फोटो 2012 मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडच्या अर्ध्या चेहऱ्यावर खोल सुरकुत्या, दुसरा अर्धा कितीतरी तरुण. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपुरता असतो, म्हणून यूव्हीएसाठी ट्यूबवर पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते बघून घ्या. डाग आधीच पडले असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन चांगलं, कारण सावळ्या त्वचेवर साधा दृश्य प्रकाशसुद्धा वांग वाढवतो.

सिंहगडाला पहाटे निघता, ते उत्तम. प्रश्न उतरतानाचा आहे. पिठलं-भाकरी आणि ताक आटोपून निघेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात, आणि मार्च ते मे आपल्याकडे दुपारचा अतिनील निर्देशांक 11 किंवा वर, म्हणजे ‘अतितीव्र’ गटात असतो. गडावर घाम पुसून पुन्हा सनस्क्रीन लावा आणि रुंद काठाची टोपी घाला. दुचाकीवरून फिरणाऱ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात त्याची लोक थट्टा करतात, पण दाट विणीचं कापड खरोखर काम करतं. तो रोज धुतलेला मात्र हवा.

प्रश्न : वय 27. ऑनलाइन 1 टक्का रेटिनॉल मागवून रोज रात्री लावलं. आठवड्यात नाकाशेजारी सालं निघाली, पाणी लागलं तरी चेहरा झोंबतो. डिसेंबरात लग्न आहे. सोडून देऊ?

उत्तर : आता पूर्ण थांबा. झोंबणं जाईपर्यंत फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. स्क्रब, ग्लायकोलिक आम्ल, लिंबू काहीही नको.

रेटिनॉल वाईट नाही. सनस्क्रीननंतर ज्यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे असे घटक मोजके आहेत आणि अ जीवनसत्त्वाचं हे कुटुंब त्यांत सर्वांत वर आहे. पण ते सवयीने पचनी पाडायचं औषध आहे. त्वचा पूर्ववत झाल्यावर 0.2 किंवा 0.3 टक्क्यापासून, आठवड्यातून दोनच रात्री, कोरड्या चेहऱ्यावर आधी मॉइश्चरायझर आणि वरून वाटाण्याएवढं रेटिनॉल. नाकपुड्या, ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे सोडून. फरक दिसायला किमान तीन महिने लागतात. आपल्या त्वचेवर घाईची शिक्षा डागांच्या रूपात मिळते, कारण जळजळ झाली की मागे काळेपणा उरतो. लग्नाच्या आधीच्या महिन्यात कोणताही नवा प्रयोग करू नका.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे ठळकपणे सांगत नाहीत: गर्भधारणेचा विचार असेल तर तेव्हापासूनच रेटिनॉल आणि त्याच कुटुंबातलं जास्त तीव्र ट्रेटिनॉइन बंद ठेवायचं.

प्रश्न : वय 23. मावशीने मेडिकलमधून एक क्रीम आणून दिलं. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून आठ महिने लावलं. आता एक दिवस चुकला तरी गाल लाल होतात, बारीक पुटकुळ्या येतात, उन्हात आग होते. हनुवटीवर लवही वाढली आहे. काय करू?

उत्तर : घाबरू नका, पण हे पुढे ढकलूही नका. ती ट्यूब शोधा आणि मागच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आहे का ते वाचा. तुमच्या लक्षणांवरून तसं असण्याची दाट शक्यता आहे. ही स्टेरॉइड्स आहेत. त्यांनी सूज दबते, रंग फिका पडतो, म्हणून पहिले पंधरा दिवस जादू वाटते. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, आणि क्रीम थांबवलं की सगळं उसळून वर येतं. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

स्टेरॉइड, डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण वांगासाठी आम्हीही देतो, पण ठरावीक आठवडे आणि देखरेखीखाली. अशी अनेक स्टेरॉइड मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदल नेमलं आहे. तरीही ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून ती घराघरांत पोचतात आणि विशीतल्या मुलींची त्वचा पन्नाशीसारखी पातळ होते, तेही तरुण दिसण्यासाठी. मला या गोष्टीचा फार राग येतो.

ट्यूब सोबत घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. एकदम थांबवायचं की कमी करत न्यायचं, हे तेच ठरवतील. खर्चाची अडचण असेल तर पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. बरं व्हायला काही महिने लागतील आणि मधले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, त्या दिवसांत क्रीमकडे वळू नका. मावशींनी प्रेमाने दिलं यात शंका नाही. त्याही तेच लावत असतील तर त्यांनाही सोबत न्या.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला ‘अँटी-एजिंग सीरम’ हवं आहे. द्यावं का?

उत्तर : नको. या वयात रेटिनॉल किंवा आम्लांची सीरम लावून पुरळ आणि जळजळ सोडून काही मिळत नाही. मुरमं येत असतील तर दाखवायला आणा. शाळेच्या मैदानावर जाताना सनस्क्रीन द्या आणि ते कसं लावायचं हे एकदा तिच्यासोबत आरशासमोर उभं राहून दाखवा.