निकॉनचं सगळं सामान विकून सोनीवर जाऊ का? नागपुरात जुन्या लेन्सना काय भाव मिळेल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे निकॉनचा डी७५० कॅमेरा आणि ८५ एमएम १.८ जी, २००-५०० व ५० एमएम १.८ डी या लेन्स आहेत, लग्नाची कामं करता, सुट्टीत ताडोबाला जाता, आणि बर्डीवरच्या दुकानदाराने सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितलाय. त्याला अजून हो म्हटलं नसेल तर म्हणू नका. सोनी घ्यायचा की नाही ते नंतर बघू.

असाच एकच आकडा मी कॅल्क्युलेटरवर पाहिलेला आहे, आणि त्यावरून आमच्या घरात अजून बोलाचाली होते.

माझा मामेभाऊ आणि मी, आमचा नागपूरच्या महाल भागात लग्नाच्या फोटोंचा धंदा होता. सामान दोघांचं: तुमच्यासारखाच डी७५०, तीच ८५, तीच २००-५००, एक जुनी ८०-२०० एएफ-डी आणि ५०. २०१८ मध्ये सोनीचा ए७ थ्री आला आणि पुढच्या लग्नसराईत ओळखीच्या एकेकाच्या गळ्यात तो दिसायला लागला. दादाचं, म्हणजे मामेभावाचं, मन तिकडे गेलं, आणि कारणही खरं होतं. वरमालेच्या वेळी फुलांच्या आडून नवरीचा डोळा धरून ठेवणारा ऑटोफोकस डी७५० मध्ये नाही. त्याचे ५१ पॉइंट सगळे फ्रेमच्या मध्यावर गोळा झालेले. कडेला उभ्या माणसावर फोकस धरायचा तर आधी धरा, मग फ्रेम सरकवा, तोवर हार गळ्यात पडलेला असतो. हे मला तेव्हाही मान्य होतं. भांडण झालं ते विकायच्या पद्धतीवरून.

आम्ही दुकानात गेलो ते जुलैत. बाहेर पाऊस, आत गिऱ्हाईक नाही. मालकाने एकेक वस्तू पिशवीतून काढली. डी७५० च्या मागे अंगठा टेकतो तिथलं रबर उचकटलं होतं, ते त्याने दोनदा दाबून आम्हाला दाखवलं. ८०-२०० ची दोन्ही झाकणं काढून, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग सगळं काचेवर ओळीत मांडलं, कॅल्क्युलेटर घेतला आणि बेरीज न करता एकच आकडा टाकून आमच्याकडे फिरवला: १ लाख १० हजार.

मी विचारलं, यात २००-५०० चे किती धरले? तो म्हणाला, “अलग अलग नहीं होता भाऊ, लॉट का रेट है.”

मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. व्यापारी येतो, ओळींतून एक चक्कर मारतो आणि झाडावरच्या अख्ख्या मालाचा ठोक भाव सांगतो. मोठं फळ, बारीक फळ, डागी फळ, सगळं त्यात. चांगल्या फळाचे पैसे कुठे गेले ते बागवाल्याला कधी कळत नाही. मामा दरवर्षी यावर चडफडतो, आणि त्याचाच मुलगा माझ्या शेजारी उभा राहून त्याच भावाला मान डोलावत होता. “काहून अडून राहिला बे? आज नगद भेटून राहिले, उद्या हे भंगार होईन.”

मी नाही म्हणालो. फुटपाथवर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मी त्याला लॉटच्या भावाचा अर्धा वाटा, ५५ हजार, माझ्या खात्यातून दिले आणि सामान घरी आणलं. त्याला रोख हवी होती ती मिळाली. दोघांच्या संमतीने झालं, त्याच्या बायकोसमोर झालं.

बॉडी मी लगेच, त्याच महिन्यात काढली, ५८ हजारांना. त्याआधी रबर नवीन लावून घेतलं. त्याला खर्च फार नाही, पण ते उचकटलेलं असलं की घेणारा आतल्या सगळ्यावर शंका घेतो. २००-५०० ला हात लावला नाही. सप्टेंबर अर्धा झाल्यावर जाहिरात टाकली आणि दोन दिवसांत फोन सुरू झाले. उमरेडचा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. स्वतःचा डी७२०० आणला होता, त्यावर लेन्स लावली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलच्या पाटीचे ५०० एमएमवर फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून बारीक अक्षरं वाचली, मग हाताचा कंप सावरणारा व्हीआर चालू-बंद करून पुन्हा काढले. वडील एवढंच म्हणाले, “पोराले जमते त्यातलं, मले नाही जमत. तो म्हनन तो भाव.” ६२ हजारांना गेली. ८५ एमएम दिवाळीनंतर प्री-वेडिंग करणाऱ्या एका मुलीने १९ हजारांना घेतली. तीन वस्तूंचे १ लाख ३९ हजार झाले, आणि ८०-२०० व ५० घरीच राहिल्या.

तेव्हापासून दादाचं म्हणणं असं की मी त्याच्या वाट्याचं खाल्लं. कुठल्याही लग्नात भेटला की हेच. मी त्याला विचारतो ते इथेही विचारतो: काउंटरवर मी काय म्हणत होतो? थांब, वेगवेगळं विकू, हेच ना? पैसे अडकवून, जाहिराती टाकून, लोकांना घरी बोलावून विकायची मेहनत ज्याने केली त्याचा त्या फरकावर हक्क आहे. आणि घाई कशासाठी होती? जुलैत घेतलेल्या सोनीला तुळशीच्या लग्नापर्यंत एक लग्न मिळालं नाही, कारण चातुर्मासात मुहूर्तच नसतात.

तर भावाचं पहिलं सूत्र हे. आपल्या गावात जुन्या लेन्सची किंमत महिन्यावर असते. ताडोबा, पेंचच्या जंगलाचा कोअर, म्हणजे आतला भाग, १ जुलैला बंद होतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. टेलिफोटो, म्हणजे २००-५०० सारखी लांबचं टिपणारी लेन्स, घेणारा सप्टेंबरात जागा होतो, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणवठ्यावरचे वाघ दिसायच्या आधी. ८५, ३५, २४-७० हे लग्नाचं सामान दिवाळी ते तुळशीचं लग्न या काळात जातं. जुलैत दोन्हीकडचा ग्राहक झोपलेला असतो. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तो जुलैत घेतो आणि ऑक्टोबरात विकतो.

बॉडीचं उलट आहे, तिच्यासाठी थांबू नका. डी७५० हे २०१४ चं मॉडेल. दर नव्या मॉडेलबरोबर ती खाली जाते आणि परत वर येत नाही. लेन्सचं तसं नाही. माझ्या काकांकडे कॅननचा एई-१ होता, एफडी माउंटच्या (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकते ती खाच) ५० एमएम १.४ सकट. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलून ईएफ आणला आणि एफडीवाले वाऱ्यावर सुटले. एफडीत लेन्स बसते ती जागा फिल्मपासून ४२ मिमीवर, ईएफमध्ये ४४ वर. त्यामुळे मध्ये काच घातल्याशिवाय जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अनंतापर्यंत फोकस करू शकत नव्हती. वर्षानुवर्षं ती लेन्स कपाटात, कोणी फुकट नेईना. मग मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आले, त्यांच्यात ही जागा विसेक मिमीच असते, साधी पोकळ रिंग लावली की एफडी बसते. काकांच्या त्याच लेन्सला गिऱ्हाईक शोधत आलं. ‘उद्या भंगार होईन’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही ताडोबाला जाता आणि २००-५०० तुमच्याकडे आधीच आहे, तर सोनीच्या आधी निकॉनचाच झेड हा मिररलेस कॅमेरा बघा. एफ माउंट १९५९ पासूनचा, त्याचं अंतर ४६.५ मिमी, झेडचं १६. मधल्या जागेत एफटीझेड अ‍ॅडॅप्टर बसतो आणि तुमची ८५ व २००-५०० ऑटोफोकससकट चालतात, कारण दोन्ही एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर लेन्सच्या आत. ५० एमएम डी मध्ये मोटर नाही, अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही, म्हणून ती हाताने फोकस करावी लागेल. म्हणजे विकायची फक्त बॉडी. सोनीवर निकॉनच्या लेन्स चालवणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण पैसे घेऊन करायच्या कामात मी त्यांच्यावर विसंबणार नाही. तिकडे जायचं तर सगळं विकून सगळं नव्याने घ्यावं लागतं, आणि तोटा तिथेच असतो. लोक नव्या बॉडीच्या किमतीवर महिनाभर चर्चा करतात आणि लेन्सवर गेलेले पैसे मोजतच नाहीत.

झेडमध्ये एक बघा: २०१८ च्या पहिल्या झेड६ मध्ये कार्डाचा एकच स्लॉट आहे. जुन्यात स्वस्त मिळतो म्हणून लग्नासाठी घेऊ नका. तुमच्या डी७५० मध्ये दोन आहेत, दुसऱ्याची किंमत कार्ड बिघडेल त्या दिवशी कळते. २०२० च्या झेड६ टू पासून दोन आले.

विकायच्या आधी लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, कारण घेणारा मारणारच. आपल्याकडे लोकांना वाटतं की नागपूरची हवा कोरडी, इथे बुरशी कसली. पावसाळा सोडाच, एप्रिल-मेमध्ये आपण कॅमेऱ्याची बॅग ठेवतो कुठे? कूलरच्या खोलीत. बाहेर ४५ अंश आणि आत ओल्या ताट्यांतून आलेली दमट हवा, दिवसरात्र. माझ्या ८०-२०० च्या मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन बारीक धागे आहेत, दुकानदार तेच बघत होता. माझ्यासाठी ती विकायची लेन्स नाही, फोटोत ते दिसतही नाहीत, पण विकायला काढली तर भाव निम्मा होईल. तुमचं सामान कूलर नसलेल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि खडे भिजले की बदला.

शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, लपवू नका. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच तो आकडा नोंदलेला असतो, कोणीही काढू शकतो. डी७५० चं शटर दीड लाख वेळा चालेल अशी चाचणी केलेलं आहे. त्याखाली बरेच असाल तर जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा. या मॉडेलच्या काही कॅमेऱ्यांचं शटर कंपनीने मोफत दुरुस्त करून दिलं होतं. तुमचा त्यात असेल आणि सर्व्हिसची पावती असेल तर ती बिलाला जोडून ठेवा, जाणकार घेणारा विचारतोच. एफ/१६ ला आकाशाचा एक फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघून घ्या. आणि पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा कोणीही असो, फौजेतला म्हणवणारा असो, फोन ठेवा. स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत.

तुम्हाला आकडा हवा होता. बिल, बॉक्स, काउंट, काचेची अवस्था न बघता मी सांगितलेला आकडा दुकानदाराच्या लॉटइतकाच खोटा ठरेल. जाहिरातीतले भाव धरू नका, ते मागितलेले असतात. तीच लेन्स गेल्या महिन्यात ज्याने विकली त्याला फोन करून किती मिळाले ते विचारा, नागपुरात असा माणूस एका ओळखीवर सापडतो.

हे सगळं ज्याला थांबणं परवडतं त्याच्यासाठी आहे. तुमचं घर फक्त लग्नांवर चालत असेल, ताडोबा वर्षातून एकदाच होत असेल आणि डोळ्यावरचा फोकस नाही म्हणून कामं हातची जात असतील, तर सोनीवर जा, सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स तिकडे भरपूर आहेत. सायलेंट शटर मात्र हॉलच्या एलईडी दिव्यांखाली वापरून बघितल्याशिवाय लग्नात लावू नका, फोटोवर पट्टे येतात. दिवाळीच्या सुमारास दुकानांत एक्स्चेंजवर जास्तीचा बोनस निघतो, आणि तो बहुतेक वेळा बॉडीवर असतो. तेव्हा जुनी बॉडी तिथे खुशाल द्या, आणि २००-५०० साठी ताडोबावाल्या पोरांच्या ग्रुपवर जाहिरात टाका.