खात्यात जमा झाले तेवढेच उत्पन्न का?

स्वतःचा ऑनलाइन व्यवसाय करणाऱ्या वाचकांची आयकराविषयीची पत्रे अलीकडे बरीच येत आहेत. पत्रलेखक निरनिराळ्या देशांत राहतात, त्यामुळे प्रत्येकाचे कराचे दर वेगळे आणि विवरणपत्राचे नमुनेही वेगळे. अडचणी मात्र बहुतेकांच्या सारख्याच आहेत. म्हणून उत्तरांत शक्यतो कोठेही लागू पडेल अशी पद्धत सांगितली आहे आणि जेथे विशिष्ट नियम आला आहे तेथे त्या देशाचे नाव दिले आहे.

प्रश्न : मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून वस्तू विकते. वर्षभरात बँक खात्यात जेवढी रक्कम आली, तेवढीच विक्री धरून मी हिशेब केला. परंतु त्या कंपनीने करखात्याला कळवलेला आकडा त्याहून बराच मोठा आहे. कंपनीची चूक झाली आहे का, आणि विवरणपत्रात मी कोणता आकडा लिहावा?

उत्तर : कंपनीची चूक असण्याची शक्यता फार कमी आहे. आपण बँकेतील जमा म्हणजे विक्री असे धरलेत आणि फरक तेथेच पडला. एका महिन्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, ग्राहकांनी एकूण १,००,००० भरले. त्यांपैकी ८,००० किमतीचा माल परत आला, कंपनीने १२,००० कमिशन, ६,००० पोचवणुकीचा खर्च आणि ४,००० जाहिरातीपोटी कापून घेतले आणि उरलेले ७०,००० आपल्या खात्यात जमा केले. आपल्या वहीत विक्री ७०,००० दिसते, कंपनीच्या कागदावर १,००,००० दिसते आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत.

नोंद करताना विक्री १,००,००० लिहावी, त्यातून परत आलेला ८,००० चा माल वजा करून निव्वळ विक्री ९२,००० दाखवावी आणि कमिशन, पोचवणूक व जाहिरात हे एकूण २२,००० खर्चाच्या स्वतंत्र शीर्षांखाली टाकावेत. ग्राहकाकडून वसूल केलेला विक्रीकर किंवा वस्तू व सेवा कर त्या रकमेत मिसळलेला असेल, तर तो आधीच बाजूला काढावा. तो सरकारचा पैसा असून आपल्याकडे केवळ ठेवीसारखा असतो. शेवटी शिल्लक ७०,००० च येणार असेल तर एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे एक कारण असे की जमा रकमेलाच विक्री मानणारे अनेकजण वर्षअखेरीस कमिशनची बिले हाती आली की ती पुन्हा खर्चात टाकतात आणि एकच वजावट दोनदा घेतली जाते. तपासणीत ही गोष्ट सर्वांत आधी सापडते. त्याहून महत्त्वाचे कारण हे की नोंदणी, लेखापरीक्षण किंवा सवलतीच्या योजना यांच्या मर्यादा उलाढालीवर मोजल्या जातात, खात्यातील जमेवर नव्हे. भारतात छोट्या व्यावसायिकांसाठी जी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे, तिच्यात डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के नफा धरला जातो. तेथे उलाढालच चुकीची घेतली तर करही थेट चुकतो.

मात्र आकड्यांची तुलना करण्यापूर्वी कंपनी नेमके काय कळवते ते समजून घ्यावे. अमेरिकेत कंपनी करखात्याला पाठवते त्या १०९९-के या नमुन्यात फी आणि परतावे वजा न करता ढोबळ रक्कम दिलेली असते. भारतात ई-कॉमर्स चालवणारी कंपनी विक्रेत्याच्या ढोबळ रकमेवरच करकपात करते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ०.१ टक्का आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मात्र प्लॅटफॉर्म आपली फी वजा करून उरलेली रक्कम कळवतो आणि फी स्वतंत्र दाखवतो. युरोपातील वाचकाने अमेरिकेतील मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलला तर त्याचा ताळमेळ कधीच जमणार नाही.

आपला व्यवसाय वस्तूंचा असल्यामुळे आणखी एक गोष्ट. वर्षात खरेदी केलेला सगळा माल त्या वर्षाचा खर्च होत नाही. ५०,००० ची खरेदी केली आणि अखेरीस २०,००० चा माल कपाटात पडून असेल, तर विकलेल्या मालाची किंमत ३०,००० धरावी आणि उरलेला साठा पुढील वर्षात आरंभीची शिल्लक म्हणून न्यावा. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारी व्यक्तींसाठी २०२४-२५ पासून रोख पद्धत, म्हणजे पैसे प्रत्यक्ष आले-गेले तेव्हा नोंद करण्याची पद्धत, हीच मूळ पद्धत मानली जाते आणि तीत मालाचे पैसे दिले त्या वर्षी खर्च दाखवता येतो. परंतु इतरत्र सर्रास असे करू नये. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील विक्रीचे पैसे पुढील वर्षी आले तर काय, हेही हिशेबाची कोणती पद्धत निवडली यावर अवलंबून असते. देय पद्धतीत विक्रीची तारीख धरतात, रोख पद्धतीत पैसे मिळाल्याची. अमेरिकेत तर रोख पद्धतीतही, हवी तेव्हा काढता येईल अशी रक्कम वॉलेटमध्ये मुद्दाम ठेवून दिली, तरी ती मिळालेलीच मानतात.

प्रश्न : नोकरी सोडून मी आता घरून ऑनलाइन शिकवण्या घेतो. नोकरीत असताना कराचा विचारच करावा लागत नव्हता. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षाच्या अखेरीस मोठी रक्कम भरावी लागली आणि तिच्यावर व्याजही लागले. दर महिन्याला किती पैसे बाजूला ठेवावेत?

उत्तर : नोकरदाराचा कर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. स्वयंरोजगारात ते काम आपल्यालाच करावे लागते आणि बहुतेक देशांत वर्ष संपण्याची वाट न पाहता करावे लागते. भारतात वर्षाचे करदायित्व १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर आगाऊ कर भरावा लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. अनुमानित योजनेत असणाऱ्याने १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरला तरी चालतो. हप्ता चुकला तर दरमहा १ टक्का दराने व्याज लागते. अमेरिकेत हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील १५ जानेवारीला येतात. यांतील अंतर सारखे नाही, एप्रिलनंतर दोनच महिन्यांत दुसरा हप्ता येतो आणि नवखे लोक नेमके तेथे चुकतात. कॅनडात स्वयंरोजगारी व्यक्तीला विवरणपत्रासाठी १५ जूनपर्यंत मुदत आहे, पण पैसे भरण्याची तारीख ३० एप्रिलच. मुदत वाढली म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला मधल्या काळाचे व्याज पडते.

सर्वांत मोठा धक्का बहुधा ब्रिटनमधील नवव्यावसायिकाला बसतो. त्याचा पहिल्या वर्षाचा कर ६,००० पौंड आला, तर ३१ जानेवारीला त्याला ६,००० नव्हे तर ९,००० भरावे लागतात, कारण गेल्या वर्षाच्या कराबरोबरच त्याच रकमेचा निम्मा हिस्सा चालू वर्षाचा आगाऊ हप्ता म्हणून मागितला जातो. उरलेले ३,००० पौंड ३१ जुलैला. गेल्या वर्षीची देय रक्कम १,००० पौंडांपेक्षा कमी असेल किंवा ८० टक्क्यांहून अधिक कर आधीच कापला गेला असेल, तर हे हप्ते लागत नाहीत. चालू वर्षात उत्पन्न खरोखरच घटले असेल तर हप्ता कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण अंदाज चुकला तर फरकावर व्याज द्यावे लागते.

किती ठेवावे, याचे एकच प्रमाण सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जो कोणी सरसकट एक टक्केवारी सांगतो, त्याने आपला नफा पाहिलेला नसतो. आपल्याकडे गेल्या वर्षाचे आकडे आहेत, त्यांवरूनच प्रमाण काढावे. गेल्या वर्षी भरलेल्या एकूण कराला त्या वर्षीच्या एकूण जमेने भागावे, येणाऱ्या प्रमाणात थोडी भर घालावी आणि प्रत्येक वेळी फी जमा झाली की त्याच दिवशी तेवढा हिस्सा वेगळ्या बचत खात्यात वळवावा. महिन्याच्या शेवटी उरेल ते ठेवू असे ठरवले तर काही उरत नाही, हे कोणत्याही घरच्या हिशेबातून आपल्याला ठाऊक असेल. एकूण कर म्हणताना सामाजिक सुरक्षेचे अंशदानही धरावे. नोकरीत त्याचा काही भार सहसा मालक उचलत असतो. अमेरिकेत स्वयंरोजगारी माणसाला निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के, म्हणजे नफ्याच्या सुमारे १४ टक्के, आयकराखेरीज द्यावे लागतात. केवळ आयकराच्या टप्प्यांवरून प्रमाण काढणाऱ्याची तूट येथून निर्माण होते.

शिकवण्यांचे उत्पन्न परीक्षांच्या हंगामात वाढते आणि नंतर उतरते. त्यामुळे प्रत्येक हप्त्यापूर्वी तोवरचा प्रत्यक्ष नफा काढून पुढचा अंदाज सुधारावा. अमेरिकेतील वाचकांना यात एक सोय आहे : चालू वर्षाच्या कराचा ९० टक्के किंवा गेल्या वर्षाच्या कराचा १०० टक्के हिस्सा वेळेवर हप्त्यांनी भरला, तर कमी भरल्याचा दंड लागत नाही. गेल्या वर्षीचे समायोजित उत्पन्न, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचे उत्पन्न, १,५०,००० डॉलरपेक्षा अधिक असेल तर ही १०० टक्क्यांची मर्यादा ११० टक्के होते.

प्रश्न : घराचे भाडे, इंटरनेट, फोन आणि नवा लॅपटॉप हे सगळे व्यवसायाच्या खर्चात दाखवता येते का?

उत्तर : सगळे नाही, व्यवसायासाठी वापरलेला हिस्सा तेवढा. फोन आणि इंटरनेट यांचे वापराप्रमाणे वाटप करावे आणि ते वाटप कशावरून केले हे एका कागदावर लिहून ठेवावे. विचारणा झाली तर आकड्यापेक्षा त्यामागचे कारण अधिक उपयोगी पडते. लॅपटॉप ही भांडवली वस्तू असल्यामुळे साधारणतः घसाऱ्याने काही वर्षांत विभागली जाते, तरी काही देशांत ती पहिल्याच वर्षी पूर्ण वजा करता येते. घराच्या बाबतीत नियम फार वेगवेगळे आहेत. अमेरिकेत ती जागा नियमितपणे आणि केवळ व्यवसायासाठीच वापरलेली असावी लागते. ज्या टेबलावर दिवसा काम होते त्याच टेबलावर रात्री कुटुंब जेवायला बसत असेल तर ती वजावट मिळत नाही. पात्र जागेसाठी तेथे प्रति चौरस फूट ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फुटांपर्यंत, अशी सोपी पद्धतही आहे. ब्रिटनमध्ये महिन्याला किमान २५ तास घरून काम केल्यास तासांनुसार १०, १८ किंवा २६ पौंडांची ठोक वजावट घेता येते.

प्रश्न : माझी छायाचित्रे एका अमेरिकी संकेतस्थळावरून विकली जातात. ते प्रत्येक वेळी काही रक्कम कर म्हणून कापून उरलेले पैसे पाठवतात. मग त्या उत्पन्नावर मला माझ्या देशात पुन्हा कर भरावा लागेल का?

उत्तर : आपण ज्या देशाचे रहिवासी आहात तो देश साधारणपणे आपल्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतो, त्यामुळे हे उत्पन्न तेथे दाखवावे लागेल आणि कापून आलेली रक्कम नव्हे तर कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम दाखवावी लागेल. कापलेल्या कराची वजावट बहुतेक देश आपल्या करातून देतात. तिला एक मर्यादा असते : त्याच उत्पन्नावर आपल्या देशात जेवढा कर बसला असता, तेवढीच वजावट मिळते आणि त्याहून अधिक कापला गेलेला कर हातचा जातो. म्हणून कपात मुळातच योग्य दराने होणे महत्त्वाचे आहे. छायाचित्रांच्या वापरहक्कापोटी अमेरिकेतून मिळणाऱ्या स्वामित्वधनावर करार नसेल तर ३० टक्के कपात होते. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल तर दर उतरतो, उदाहरणार्थ भारतातील रहिवाशासाठी अशा स्वामित्वधनावर १५ टक्के. मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी डब्ल्यू-८बेन हा नमुना आपल्या देशाच्या कर क्रमांकासह संकेतस्थळाला भरून द्यावा लागतो. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. मुदत संपल्याचे लक्षात न आल्यामुळे कपात पुन्हा ३० टक्क्यांवर गेल्याची तक्रार वारंवार येते. आपल्या बाबतीत दर कितीचा लागला आहे हे आधी तपासावे.

प्रश्न : यंदा व्यवसायात तोटाच झाला. मग विवरणपत्र भरण्याची गरज आहे का, आणि कागदपत्रे किती वर्षे ठेवावीत?

उत्तर : तोट्याच्या वर्षी तर अवश्य भरावे, आणि मुदतीत भरावे. भारतात व्यवसायाचा तोटा पुढील ८ वर्षांच्या व्यवसायातील नफ्यातून वजा करता येतो, परंतु विवरणपत्र वेळेत दाखल केले असेल तरच. कागदपत्रांविषयी बोलायचे तर अमेरिकेत सर्वसाधारणपणे ३ वर्षे, कॅनडात ६ वर्षे आणि ब्रिटनमध्ये त्या करवर्षाच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर ५ वर्षे ती जपावी लागतात. प्लॅटफॉर्मवर सगळे अहवाल दिसतात म्हणून निश्चिंत राहू नये, कारण विक्रेत्याचे खाते बंद झाले की तेथील अहवालही बहुधा पाहता येत नाहीत. दर महिन्याचा व्यवहार अहवाल, परताव्यांची यादी आणि फीची बिले उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर, आणि त्याखेरीज आणखी एका ठिकाणी, महिन्याच्या नावाने साठवावीत. तोटा पुढे ओढला असेल तर ज्या वर्षी तो शेवटी वजा होईल त्या वर्षापासून मुदत मोजावी, कारण तो कसा झाला हे तेव्हाही विचारले जाऊ शकते.