कोयना-चांदोलीचं रान कथा-कादंबऱ्यांत खरं उतरलंय का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की, सह्याद्रीतलं सदाहरित रान आणि तिथली माणसं आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांत कितपत खरी येतात.

सातारा-सांगलीच्या कादंबरीचा पिंडच कोरडवाहू, नाहीतर नदीकाठचा. ‘बनगरवाडी’ (1955) माणदेशातली, ‘फकिरा’ (1959) वारणाकाठची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. त्यामुळे दुष्काळ लिहायला शब्द पुष्कळ, ओल्या रानाचं मात्र ‘घनदाट’ आणि ‘किर्र’वर भागतं.

रानाचं वर्णन असलेलं एक पान घ्या आणि झाडांच्या नावांखाली रेघ मारा. अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा आले तर ठीक. कोयनेच्या माथ्यावर नुसता साग-पळस दिसला तर ते रान दुसरीकडून उचललेलं समजा.

मग गुरं कुठं चरतात ते बघा. दाट झाडीखाली ऊन पोचत नाही, म्हणून गवत जेमतेम. गवत उघड्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर. गवळी धनगरांची घरं आणि म्हशी त्याच्या आसपास असतात, त्याला हे कारण. दाट रानाच्या पोटात कळप चारणारा नायक हमखास घरी बसून लिहिलेला असतो!

कारवी या रानझुडपात तर भलेभले घसरतात. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. दर श्रावणात त्याच उतारावर जांभळा बहर दाखवला की कथेचं कालगणित कोसळलं. उलट जाणता लेखक ‘मागल्या कारवीला’ पोर केवढं होतं, यावरून वय सांगू शकतो. याच कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमाती लिंपतात, म्हणजे घराच्या भिंतीतही रान येतं. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरते, चुलीवर सरपण धुमसतं, पायाला जळवा लागतात. एवढं जरी आलं तरी पान जिवंत होतं.

समाजाचं चित्रण बहुतेक विस्थापनाच्या अंगानं येतं. ‘झाडाझडती’ (1991) धरणग्रस्तांची. पण कोयनेचं पाणी, मग अभयारण्य, मग 2010 चा व्याघ्र प्रकल्प, असं एकाच खोऱ्यावर थरावर थर चढलेत. अशा कथेत वनखात्याचा गार्ड नुसता खलनायक असेल तर मला शंका येते. तोही बऱ्याचदा खालच्याच गावचा, कुणाचातरी पाव्हणा असतो.