एसीएल अर्धवट फाटलं: ऑपरेशन की व्यायाम?

प्रश्न : माझं वय २६. कबड्डीत पकड सोडवताना उजवा गुडघा पिळवटला, आतून 'कट्' आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. याला पाच आठवडे झाले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'एसीएलची हाय-ग्रेड पार्शल टेअर, मेनिस्कस ठीक' असं लिहिलं आहे. (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे दोरीसारखा बंध; तो पूर्ण नाही, पण बराच फाटला आहे. मेनिस्कस म्हणजे सांध्यातली कुर्चेची गादी.) एक डॉक्टर दुर्बिणीचं ऑपरेशन सांगतात, दुसरे म्हणतात तीन महिने व्यायाम करा. सूज बरीच उतरली आहे, पण पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांचे सल्ले वाटतात तेवढे एकमेकांविरुद्ध नाहीत. ऑपरेशन करायचं ठरलं, तरी पाय सरळ होत नसताना ते सहसा करत नाहीत, कारण नंतर सांधा आखडण्याचा धोका वाढतो. म्हणजे पुढचे काही आठवडे व्यायाम करायचाच आहे.

निर्णय मात्र रिपोर्टमधल्या शब्दावर घेऊ नका. एसीएलला दोन पदर असतात. त्यातला किती भाग खरोखर कामाचा उरला आहे, हे एमआरआयवरून नेमकं सांगता येत नाही. ते हाताने तपासून कळतं. गुडघा २० ते ३० अंश वाकवून डॉक्टर नडगी पुढे ओढतात आणि ती किती सरकते, शेवटी घट्ट अडते का, हे दुसऱ्या पायाशी ताडून पाहतात. याला लॅकमन टेस्ट म्हणतात. पिव्होट शिफ्ट या दुसऱ्या चाचणीत पाय पिळत वाकवताना गुडघा निसटला, तर रिपोर्टमध्ये 'पार्शल' असलं तरी ते लिगामेंट पूर्ण फाटल्यासारखंच वागतं आहे असं समजा. दुखापतीनंतरच्या पहिल्या दिवसांत वेदनेमुळे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे ही तपासणी फसवी निघू शकते. आता पुन्हा करून घ्या.

आजपासून पहिलं काम पाय सरळ करण्याचं. झोपून टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काही नको, आणि पाच मिनिटं पाय सैल सोडा. असं दिवसातून चार-पाच वेळा करा. रात्री आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेणं ही अगदी नेहमीची चूक आहे. त्यानेच पाय वाकलेला राहतो. याच्या जोडीला मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरा. असं १५ वेळा, दिवसातून तीनदा. पाय सरळ उचलताना गुडघा किंचित वाकत असेल, तर उचलण्याची घाई नको, आवळण्याचाच व्यायाम चालू ठेवा. तीन-चार आठवडे नेटाने करूनही पाय सरळ होत नसेल, तर लिगामेंटचं फाटलेलं टोक सांध्यात अडकत असू शकतं. अशा वेळी लगेच दाखवा.

पाय सरळ झाला आणि सूज गेली, की भिंतीला पाठ टेकून ६० अंशांपर्यंतच्या अर्ध्या बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं सुरू करा. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगकडे दुर्लक्ष नको. नडगी पुढे सरकू न देण्यात एसीएलला तोच साथ देतो. जिमच्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर वजन लावून पाय पूर्ण सरळ करणं सध्या टाळा. शेवटच्या ४५ अंशांत नडगी पुढे ओढली जाते आणि दुखऱ्या लिगामेंटवर ताण येतो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला असं समजून प्रमाण कमी करा. झटका देऊन 'बसवणाऱ्या'कडे कृपा करून जाऊ नका. नी-कॅपने आधार वाटतो, पण निसटणारा गुडघा त्याने थांबत नाही.

थांबून पाहण्यात नुकसान होतं का? स्वीडनमध्ये एसीएल फाटलेल्या १२१ तरुणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटावर लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारख्याच अवस्थेत होते, आणि व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर ऑपरेशन लागलं नव्हतं.

पण गुडघा दगा देत असेल, म्हणजे वळताना किंवा जिना उतरताना निसटत असेल, तर वाट पाहू नका. प्रत्येक निसटण्यात मेनिस्कस चिरडला जाण्याचा धोका असतो, आणि ते नुकसान एसीएलपेक्षा महाग पडतं. तुम्हाला पुन्हा कबड्डीच खेळायची असेल, तर पारडं ऑपरेशनकडे थोडं झुकतं, कारण त्या खेळात सारखं पाय रोवून वळावं लागतं. ऑपरेशन झालं तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानावर जायचं नाही. बिनऑपरेशन परतायचं असेल, तर निदान एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्याच्या ९० टक्के अंतर गाठतो का, हे फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या.

प्रश्न : आईचं (वय ५४) गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, अर्धवट फाटलं आहे. तिलाही हाच नियम लागू होतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. एमसीएल सांध्याबाहेर असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला असतो, आणि एकटं तेच अर्धवट फाटलं असेल तर ते बहुधा ऑपरेशनशिवाय भरून येतं. बिजागरीचा ब्रेस साधारण चार ते सहा आठवडे, सोसेल तेवढं चालणं आणि वरचेच मांडी आवळण्याचे व्यायाम पुरेत. तोवर कमोड वापरू द्या, मांडी घालून बसवू नका. पोटरी दुखून सुजली किंवा गुडघा मध्येच अडकला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.