एड्सची भीती घातल्याशिवाय पोरं सुधारणार कशी? मग पोस्टरवर कवटी दाखवली तर चुकलं कुठं?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण ती कवटी मी स्वतः झालेलो आहे.

२००९ ला मी कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) होतो. १ डिसेंबरला सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाजवळ आमचं पथनाट्य. काळ्या बनियनवर पांढऱ्या ऑइलपेंटनं बरगड्या काढलेल्या, पेंट वाळायच्या आधीच घातलं म्हणून पोटाला चिकटत होतं, आणि मला एकच वाक्य, "एड्स झाला, खेळ संपला!" ते ओरडत मी गर्दीतल्या एकेकाच्या गळ्यात हात टाकायचो. पोरं किंचाळायची, टाळ्या पडायच्या. सर म्हणाले, लई भारी, असाच धाक बसला पाहिजे. मलाही त्याचा अभिमान होता.

त्या गर्दीत आमच्या गल्लीतला एक पोरगा उभा होता. एकोणीस वर्षांचा, लूमवर रात्रपाळी, आई घरी विड्या वळायची. (त्यानंच लिही म्हणून सांगितलंय.) दोन वर्षांनी त्याला खोकला धरला, अंगावरचा शर्ट लोंबायला लागला, टीबी निघाला. टीबी निघाला की एचआयव्ही तपासतातच, ती पॉझिटिव्ह आली. भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, मला शंका तेव्हाच होती. पण तुम्हीच म्हणला होता ना खेळ संपला, मग तपासून काय करायचं?"

मी काय बोलणार. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आपल्याकडे सरकारी केंद्रात २००४ पासून फुकट मिळतात, म्हणजे नाटक केलं तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या सगळ्या नाटकात त्याबद्दल एक वाक्य नव्हतं. आणखी एक बघितलं त्या दिवशी, त्याच्या ताटाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, बाकीच्यांच्या ताटांत मिसळू नये म्हणून. ताटातून एचआयव्ही पसरत नाही, पण गळ्यात हात टाकून मरण वाटणारा सापळा बघितल्यावर त्या माउलीनं दुसरं काय समजायचं?

म्हणून सांगतो, भीतीनं पोरं सुधारत नाहीत, लपतात. आणि ज्यांना धोका जास्त, लूमवरची, ट्रकवरची क्लीनर पोरं, घरात सांगता येत नाही अशी पोरांवर प्रेम करणारी पोरं, ती आधीच बापाला, मालकाला, गल्लीला भिऊन असतात. त्यात तुम्ही कवटी दाखवली की ती तपासणी केंद्राच्या दारावरून पुढं निघून जातात. बाकीच्यांना वाटतं हा वाईट चालीच्या लोकांचा रोग, आपल्याला काय, आणि तीही कंडोम वापरत नाहीत. दोन्हीकडून नुकसानच.

आज तो पोरगा रोज रात्री एक गोळी घेतो, टॉवेलच्या दुकानात काम करतो, व्हायरल लोड तपासणीत व्हायरस दिसत नाही इतका दबलाय. असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे लिहा की पोस्टरवर! आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात, तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही, तसा कायदाच आहे २०१७ चा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. चूक घडली असं वाटलं तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठा, लागण टाळायच्या गोळ्या असतात, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या, जेवढ्या लवकर तेवढं बरं.

मी डॉक्टर नाही, आणि आजार किरकोळ आहे असंही म्हणत नाही, गोळी आयुष्यभर चुकवायची नाही. धोका सांगाच, पण त्याच दमात पुढं काय करायचं तेही सांगा.

सर मात्र अजून म्हणतात, तुझ्या सापळ्यामुळं निदान शंभर पोरं तरी वाचली असतील. सर, ती शंभर कोणी मोजली? मी एकच मोजलाय, त्याची दोन वर्षं आपण खाल्ली. यंदा १ डिसेंबरला कॉलेजात त्यालाच बोलू द्या म्हणून मी सरांना सांगितलंय. तो तयार आहे. सरांचा फोन अजून आलेला नाही.